सतरा चुली जास्त

"धूर?" मी विचारलं. "धूर कशाला मोजायचाय त्यांना?"

"आता मला काय ठावं, पंचाक्षरीअप्पा?" बब्रुवान म्हणाला. "तहसिलीतला जमादार सांगत व्हता. कर्जाच्या तपासनीला आल्यालं साहेब उद्या दिस उगवायला गढीच्या बुरजावर चढनार, सैपाकाच्या टायमाला. जितके धूर तितक्या चुली. कागदावर लई इस्वास न्हाय म्हनं त्येंचा."

मी उठलो. बसलो. परत उठलो. टाक दौतीत बुडवला आणि तसाच कागदावर ठेवून दिला, तर कागदावर हा एवढा डाग. बब्रुवान माझ्याकडं बघत राहिला. आमच्या कसबे दहिटणीच्या टाऊन कमिटीत नोकर दोनच, मी मुन्शी आणि तो शिपाई. माझं काही त्याच्यापासून लपायचं नाही.

"अप्पा," तो हळूच म्हणाला, "किती हायत जास्तीच्या?"

"एकतीस."

"आयायाया," बब्रुवान म्हणाला आणि दाराबाहेर जाऊन उकिडवा बसला.

मी मुळात एका जागी बसणारा माणूसच नव्हे. कारकुनी माझ्या कपाळी कुणी लिहिली देव जाणे. निम्मं लिहिणं मी उभ्यानं करायचो. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी हाय. पण त्या दिवशीची भिंगरी वेगळीच होती. पगार बावीस रुपये हाली, म्हणजे संस्थानी नाण्यात, नोकरीला अकरा वर्षं झालेली, आणि उद्या सकाळी धूर मोजला की माझी चुलींची यादी खोटी ठरणार. नोकरी जाणार, वर खटला. ते एक वेळ सोडा. गावाचं पाणी जाणार होतं. खरी आग त्याची होती.

पाण्याचं सांगतो. गावाला पाणी एकाच जागी, बारवेत. चौसष्ट पायऱ्या उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. दिसायला मोठी देखणी बारव. पाहुणा आला की आम्ही मिरवत दाखवायचो. आणि त्या देखण्या पाण्यात नारू. ज्यांनी नारू बघितला नाही ते सुखी. ते पाणी पोटात गेलं की वर्षानं पायातून दोरा बाहेर येतो, जिवंत, पांढरा, हात-दीड हात लांब. तो ओढायचा नाही. तुराटीच्या काडीला गुंडाळत जायचा, रोज बोटभर, फार तर दोन बोटं. असं महिनाभर. तोवर चालायचं नाही, ओझं उचलायचं नाही. दोरा तुटून निम्मा आत राहिला की पाय सडतो, आणि पायामागून माणूस जातं. दर चैत्रात निम्मं गाव ओसरीवर पाय पसरून बसलेलं असायचं. दवाखान्याचा डॉक्टर येऊन सांगून गेला: नारू झालेला पाय पाण्यात बुडतो, त्यातनंच पुढच्या वर्षाचा नारू होतो. पायऱ्या बुजवा, कठड्याची विहीर पाडा, वर रहाट आणि टाकी करा, कुणाचा पाय पाण्याला लागू देऊ नका.

खर्च सहा हजार. कमिटीच्या पेटीत एकशे चौदा रुपये.

म्हणजे कर्ज आलं. गावानं कर्ज किती काढावं हे कशावरून ठरतं, असं मला कुणी विचारलं तर मी पोट धरून हसेन. तहसीलदारांना बदलीच्या आधी काहीतरी दगडी बांधून ठेवायचं होतं, म्हणून ते म्हणायचे, दहा हजार काढा. आडत्या महालिंगप्पाला कळंबच्या बाजारात लोक 'नारूगावचे शेठ' म्हणायचे, ते त्याच्या मस्तकात जायचं. वर त्याला टाकीवर वडिलांचं नाव पाहिजे होतं. तो आठ हजारांवर अडून बसलेला. धोंडीबा पाटलांच्या मळ्यात स्वतःची विहीर, घरात एकालाही नारू नाही. ते म्हणायचे, "कर्ज काढून पानी पितंय व्हय कुनी?" त्यांना एक पैही नको. रोज चौसष्ट पायऱ्या उतरणाऱ्या बायांना मात्र कुणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही, खोटं कशाला बोलू? ह्या तिघांच्या ओढाताणीत एक वर्ष गेलं. मग वरून हुकूम आला आणि सगळं माझ्या गळ्यात पडलं. चुली मोजा. दर चुलीला वर्षाला दोन रुपये पट्टी. कर्जाचा हप्ता वर्षाला सहाशे. तीनशे चुली भरल्या तर कर्ज मंजूर, एक जरी कमी पडली तर कागद परत.

आदल्या सालच्या यादीत तीनशे नऊ चुली होत्या. मी तर मनातल्या मनात विहिरीला नारळ फोडून मोकळा झालो.

मग बब्रुवाननं दवंडी दिली, चुलीमागं दोन रुपये. आणि आठ दिवसांत गावातल्या चाळीस चुली नाहीशा झाल्या! बांधावरून कोर्टात गेलेले, बारा बारा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एका ताटात जेवायला लागले. मी दारात उभा राहिलो की विचारायचे, "आमी कवा येगळं व्हतो, मुन्शीजी?" बलभीम आणि त्याचा भाऊ तर माझ्यादेखत गळ्यात पडले. आत बघावं तर दुसऱ्या चुलीवर शेणामातीचा ताजा पोतेरा आणि वर पाण्याचा हंडा. माझी पाठ फिरली की हंडा खाली. मला कळत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या घरात शिरून हंडा उचलायची मुन्शीला परवानगी नाही. मोजून दोनशे एकोणसत्तर भरल्या.

त्याच दिवशी माझ्या बायकोच्या, सिद्धम्माच्या, टाचेतून दोऱ्याचं टोक दिसायला लागलं. तिचा हा तिसरा नारू. तिनं तुराटीची काडी मोडून घेतली आणि ती ओसरीवर बसली. मी यादी उघडली आणि तीत एकतीस नावं घातली. गावातली बंद घरं. कुणी सोलापूरच्या गिरणीला गेलेलं, कुणी बार्शीला, कुणी प्लेगात संपलेलं. घरं उभी आहेत, घरात चुली आहेत, फक्त थंड आहेत. मी त्या पेटत्या लिहिल्या. पहिली लिहिली माझ्या थोरल्या भावाची, गुरुसिद्धप्पाची. वहिनी नारूनंच गेली आणि तो सोलापूरला निघून गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. मला वाटलं, पाणी चांगलं झालं की येतील लोक परत. खोटं लिहिताना माणूस स्वतःला असंच काहीतरी सांगतो.

आणि आता हे साहेब धूर मोजणार होते.

मी कचेरीला कुलूप घातलं आणि महालिंगप्पाची आडत गाठली. तो ज्वारीच्या पोत्याला टेकून पान लावत होता.

"महालिंगप्पा, साहेब उद्या धूर मोजणार आहेत."

"मोजू द्या की."

"यादीत एकतीस चुली..."

त्यानं चुन्याचं बोट वर केलं. "ह्ये मला सांगू नगा. म्या ऐकलंच न्हाय. यादीखाली सही कुनाची हाय?"

"माझी."

"मग?" पान गालात सारून तो म्हणाला, "पंचाक्षरी, तुमी शानं मानूस हाव. चार दिसांवर येरमाळ्याची यात्रा आलीया. आजच निघा, देवीला जावा. दोन-चार दिस गावात दिसूच नगा. साहेब काय, येतो आन् जातो."

टाकीवर नाव तुमच्या बापाचं आणि पळून जायचं मी? असं मी म्हणालो नाही. म्हणायला पाहिजे होतं. आजही कधी अचानक ते आठवतं आणि मी चालता चालता मोठ्यानं बोलून टाकतो.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सिद्धम्मा ओसरीवर पाय लांब करून बसली होती आणि शेजारच्या विठाबाई तिच्या टाचेला रुईचं गरम पान बांधत होत्या. तुराटीच्या काडीवर सहा-सात वेढे झाले होते. अजून बराच दोरा आत होता. मी ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायला लागलो.

"बसा की जरा," सिद्धम्मा म्हणाली. "तुमच्या फेऱ्यानी मला भोवळ येतीया."

मी बसलो नाही, पण सांगून टाकलं. विठाबाईंच्या देखतच. एकतीस चुली, सही माझी, उद्या धूर.

"मेल्याल्यांची नावं लिवली?" सिद्धम्मानं विचारलं.

"काही मेलेल्यांची. काही गेलेल्यांची."

"अय्यो शिवने! दोन पैशाचं मीठ आनलं तर हिशेब मागनारा मानूस, आन् सरकारला फशिवलं?" ती डोळे मोठे करून माझ्याकडं बघत होती. रागावली असं मला वाटलं. मग तिला हसू आलं. ती आळंदकडची, उंच, मोठ्या आवाजाची बाई. हसली की गल्लीला कळायचं. "एकदा तरी माझ्यापायी काय तरी केलंत म्हना!"

"हसतेस काय? बेड्या पडतील मला."

"पर एकतीसच का? त्या चाळीस कुटं गेल्या?"

"त्या नवऱ्यांनी लपवल्या."

"लपवल्या कसल्या!" विठाबाई उसळून म्हणाल्या. "दोन रुपड्यांपायी ह्या मेल्यांनी घराची भट्टी केलीया. माझ्या दोन सुना पंधरा दिस एका चुलीवर हायती. काल एकीनं दुसरीच्या डोस्क्यात उलथनं हानलं. पानी बी आमीच आनायचं, नारू बी आमालाच, आन् येका चुलीवर धुसफुसायचं बी आमीच!"

सिद्धम्मा काडीकडं बघत होती. मग म्हणाली, "इठाबाई, उद्या पाटं समद्या बायांनी हंडं खाली उतरिवलं, आन् आपापली चूल पेटवली तर?"

"नवरं मारतील."

"मारतील. पर धूर वर गेल्यावर मारतील न्हवं? मग मारून काय उपेग?"

विठाबाईंनी पदर कमरेला खोचला. "म्या सांगते," म्हणाल्या. "वरच्या गल्लीपतुर म्या सांगते. पाटलाच्या सुनांना बी."

मी बोटांवर हिशेब केला. दोनशे एकोणसत्तर आणि चाळीस, तीनशे नऊ. "भागतंय," मी म्हणालो. "नऊ जास्तच होतात."

"आन् दहाजणी भ्याल्या तर?" सिद्धम्मा म्हणाली. "दोनशे नव्व्याण्णव."

तिला लिहिता येत नव्हतं, पण हिशेबात ती माझ्या पुढं होती.

"आपल्या गल्लीतल्या बंद घरांतल्या चुली पेटवायच्या," ती म्हणाली. "आठ-धा तरी हायत."

"ते माझ्यानं व्हायचं न्हाय बया," विठाबाई म्हणाल्या. "मेल्याल्या घरची चूल पेटवली की त्या घरचं सुतक लागतंय. कुनीच पेटवनार न्हाय. लेकराबाळांचं घर हाय माझं."

"आमाला सुतक न्हाय," सिद्धम्मा म्हणाली. आम्हा लिंगायतांत सुतक पाळत नाहीत आणि त्या गल्लीत लिंगायताचं घर आमचं एकच. ती काय बोलते ते माझ्या ध्यानात आलं.

"तू उठायचं नाहीस," मी म्हणालो. "ऐकतेस का? दोरा तुटला तर?"

"म्या कुटं उठतीया? नुसतं बोलले."

मला खरं वाटलं. सकाळी मी आमची चूल पेटवून, तिच्यासाठी भाकरी थापून, काडी तिच्या टाचेशी नीट बांधून गढीकडं निघालो. ती झोपलेली होती. निदान तिचे डोळे मिटलेले होते.

साहेब बुरजावर आधीच आलेले. वाळकी अंगकाठी, पिकलेली दाढी, शेरवानीची वरची बटणं खोकल्यामुळं उघडी. त्यांनी गावाचा नकाशा काढून गल्ल्यांवर शिसपेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. इतकं नेमकं काम करणारा माणूस सरकारात मी तोवर बघितला नव्हता, आणि बघायचा तो नेमका त्या दिवशी बघायला मिळाला.

"मुन्शी, इत्ता पसीना?" त्यांनी विचारलं. "कागज पे तो मुर्दे भी पट्टी भरते. धुवाँ झूट नै बोलता."

बब्रुवान मागं उभा होता, त्यानं दौत माझ्या हातातून काढून घेतली.

वारा अजिबात नव्हता. माळवदांच्या साण्यांतून, छताच्या झरोक्यांतून, धूर सरळ वर निघत होते. पेठेपासून सुरुवात झाली. साहेब एकेक धूर बोटानं दाखवायचे, नकाशावर टिंब द्यायचे. पेठ भरली. वरची गल्ली आली. बलभीमच्या घरातून एक धूर होता. मी श्वास धरून बघत होतो. भिंतीच्या पलीकडच्या साण्यातून दुसरा निघाला, जाडजूड, काळा. पंधरा दिवस बुजलेली चूल, ओल्या पोतेऱ्याचा धूर. खाली अंगणात बलभीम बाहेर आला, वर आपल्याच माळवदाकडं बघत उभा राहिला आणि आत धावला. मग ठिकठिकाणी तेच. गावभर बाप्ये अंगणात येऊन आपापल्या घराकडं आ वासून बघायला लागले. धोंडीबा पाटलांच्या चौसोपी घरातून तीन धूर निघाले. यादीत त्यांची चूल एक होती. पाटलांचा आवाज बुरजापर्यंत येत होता आणि त्याच्यावरून त्यांच्या सुनांचा.

"ये क्या झगडा है?" साहेबांनी विचारलं.

"सैपाकाची गडबड, साहेब," बब्रुवान म्हणाला.

मला नाचावंसं वाटत होतं. मी मोजत होतो, दोनशे, दोनशे चाळीस, दोनशे ऐंशी. एक बाई मागं राहिली नव्हती. मग साहेब आमच्या खालच्या गल्लीकडं वळले. विठाबाईंच्या घरचे तीन धूर. आमचा एक. आणि आमच्या शेजारून, गुरुसिद्धप्पाच्या घरातून, धूर निघाला.

तीन वर्षं थंड असलेली चूल.

थोडा वेळ गेला आणि त्याच्या पुढच्या बंद घरातून निघाला. मग एक घर सोडून तिसरा. प्रत्येक धुराच्या मध्ये थोडा वेळ जात होता. जितका वेळ एका दुखऱ्या पायावर भिंतीला धरत, गोवरीचा विस्तव घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात जायला लागेल, तितकाच. चौथा. पाचवा. धूर गल्लीतून बारवेच्या दिशेनं चालत चालला होता आणि मला तिची पावलंच दिसत होती.

"साहेब, मी जरा खाली जाऊन येऊ?"

"काम खतम होने देव, मुन्शी."

"साहेब, घरी आजारी..."

"पाँच मिनट."

साहेबांनी सिगारेट पेटवली. सहावा. मी बुरजाच्या कडेला गेलो, परत आलो. ओरडलो असतो तरी तिच्यापर्यंत पोचलं नसतं, आणि ओरडून सांगणार काय? पुरे झाल्या, बस खाली? साहेबांच्या शेजारी उभं राहून? नोकरीचं भय होतं, कबूल करतो. सातवा धूर. मग पुष्कळ वेळ काही नाही. मग आठवा, बारवेजवळच्या गोरोबा कुंभाराच्या घरातून. गोरोबाचं सगळं घर प्लेगात गेलेलं. मी नवव्याची वाट बघत होतो. नववा निघाला नाही.

साहेबांनी बेरीज केली. दोनदा केली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"तीन सौ सतरा. तुम तीन सौ लिखे. सतरा चुलें किसके दबाए, मुन्शी? कित्ते खाए?"

घ्या! एकतीस चुली खोट्या लिहिणाऱ्या माणसाला सतरा चुली लपवल्याबद्दल दंड झाला. अकरा रुपये, अर्धा पगार. कामात हलगर्जी, असा शेरा. कर्ज मात्र मंजूर. उलट चुली जास्त निघाल्या म्हणून तीनशे रुपये वाढवून. गढीच्या पायथ्याशी महालिंगप्पा हार घेऊन उभा होता. "मला पयल्यापासून खात्री व्हती!" असं काहीतरी तो म्हणाला. मी त्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि पळालो.

गोरोबाच्या घरात धूर कोंडला होता. सिद्धम्मा चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर जाळी-जळमटं, मांडीवर फुंकणी. तिच्या हातात तुराटीची काडी होती आणि काडीवरून वीतभर दोरा लोंबत होता. त्याला पुढं टोक नव्हतं.

"उंबऱ्याला अडकली काडी," ती म्हणाली. जणू घागर फुटल्याचं सांगावं. "किती भरल्या?"

"तीनशे सतरा," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटून हिशेब केला. "म्हंजी चाळीसच्या चाळीस? येक बी भ्याली न्हाय?"

"एकही नाही."

"मग माझ्या आठ..." ती थांबली. आणि हसली, पण ह्या वेळी गल्लीला कळलं नाही. "उगंच उठले म्हना की म्या."

मी तिथंच राखेत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "गप. बाया भ्याल्या न्हाईत, ह्ये बरं झालं. आता गप."

तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरनं चिरून बघितलं, औषध लढाईवर जातंय म्हणाला, असेल ते लावलं. नवव्या दिवशी सिद्धम्मा गेली. आमच्यात माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. तिचा तो पाय दुमडेना. चौघांनी प्रयत्न केला. शेवटी मठातले जंगम म्हणाले, "राहू द्या. एक पाय मोकळा असू द्या तिचा." तशीच बसवली.

विहीर व्हायला दीड वर्ष लागलं. टाकीवर महालिंगप्पाच्या वडिलांचं नाव आलं, पाटलांनी पहिला रहाट ओढला, तहसीलदार तोवर बदलून गेले होते. चुली एकदा सरकारी नकाशावर चढल्यावर कुणाला खाली उतरवता आल्या नाहीत. बाप्ये शिव्या देत दोन रुपये भरत राहिले, जावा आपापल्या चुलीवर सुखात राहिल्या. बारवेच्या पायऱ्या बुजवल्या. सत्तेचाळीसच्या चैत्रात गावातली एकही बाई पाय पसरून बसलेली नव्हती. येरमाळ्याच्या यात्रेला आमच्या गावच्या बाया त्या साली पायी गेल्या, विठाबाई सगळ्यांच्या पुढं. मी वेशीपर्यंत पोचवायला गेलो होतो. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी तिथं उभा होतो, एका जागी. मला हे नंतर लक्षात आलं.

साहेबांच्या तीनशे सतरांत त्या आठ चुली होत्याच. त्यांची पट्टी कोण भरणार? आठ दुणे सोळा. दर साली मी भरतो. बब्रुवान पावत्या त्या नावांच्याच फाडतो आणि मला काही विचारत नाही. गुरुसिद्धप्पा काही परत आला नाही. कुणीच आलं नाही.

पट्टीचा एक नियम आहे. जी चूल वर्षभर थंड राहिली तिला माफी. शिपायानं दारात उभं राहून विचारायचं, घरच्यानं सांगायचं, शिपायानं खूण करायची. त्या आठ घरांत सांगायला घरचं कुणीच नाही, म्हणून त्यांना माफी नाही. मी दोन्ही वेळा मठात जेवतो. घरी चहासुद्धा होत नाही. परवा बब्रुवान यादी घेऊन आमच्या दारात आला. मी आत फेऱ्या घालत होतो.

"पंचाक्षरीअप्पा," तो म्हणाला आणि थांबला. "ह्या घरची थंड लिवू का? नेमात बसतंय. दोन रुपयं वाचत्याल तेवढंच."

मी आत गेलो. चूल तिनं सारवलेली होती तशीच आहे. कोनाड्यात फुंकणी. मी कोटाच्या खिशातून दोन रुपये काढून आणले आणि त्याच्या हातावर ठेवले.

"पेटती," मी म्हणालो.

बब्रुवाननं मान वर करून एकदा आमच्या माळवदाकडं बघितलं. मग यादीवर खूण केली आणि पुढच्या घरी गेला.